दुसऱ्याच्या तिजोरीचा हिशेब

१९३८ च्या एप्रिलअखेर न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ मैदानावर परतला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या संघाचे चाहतेही होते. आदल्या हंगामात त्याने ४६ होमरन मारले होते आणि संघाने लागोपाठ दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्याचा गुन्हा एवढाच, की हिवाळ्यात त्याने नव्या वर्षासाठी ४० हजार डॉलर मागितले, मालकाने २५ हजारांवर बोट ठेवले आणि हंगाम सुरू झाला तरी हा गडी घरी बसून राहिला. शेवटी २५ हजारांवरच त्याला यावे लागले, शिवाय बुडालेल्या दिवसांचा पगार कापला गेला. डिमॅजिओ हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका इटालियन कोळ्याचा मुलगा, तर संघाचे मालक जेकब रुपर्ट हे बिअरच्या पिढीजात कारखान्याचे धनी. बाकांवर बसलेली माणसे महामंदीने पोळलेली होती. त्यांनी शिव्या घातल्या त्या कोळ्याच्या पोराला. बिअरवाल्याच्या वाटेला कोणी गेले नाही. हे असे का व्हावे, हा प्रश्न बेसबॉलच्या इतिहासात वाटतो त्याहून मोठा आहे.

बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजने संपतो. मधल्या थंडीच्या महिन्यांत जो खेळ चालतो त्याला अमेरिकेत ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात, म्हणजे तापलेल्या शेगडीभोवतीची लीग. गावोगावच्या किराणा दुकानांत कोळशाची शेगडी पेटलेली असे. बाहेर बर्फ, आत हात शेकत बसलेली माणसे, आणि कोणाला विकले, कोणाला घेतले, किती मोजले याची चर्चा. आपल्याकडे पारावर निवडणुकीचे जे होते तेच तिथे खेळाडूंचे. मोठ्या शहरांत ही बैठक गुत्त्यात भरे. बॉस्टनमध्ये मायकल मॅकग्रीव्ही नावाच्या गृहस्थाच्या गुत्त्याचे नावच ‘थर्ड बेस’ होते, कारण घरी पोचण्याआधीचा तो शेवटचा थांबा. वाद फारच पेटला की मॅकग्रीव्ही फळीवर मूठ आपटून ‘नफ सेड’ असे ओरडे, म्हणजे पुरे, विषय संपला. तेच पुढे त्याचे टोपणनाव झाले. विषय अर्थात संपत नसे.

या गप्पा रिकामटेकड्या वाटतात खऱ्या, पण सव्वाशे वर्षांच्या अंतराने त्या पाहिल्या तर त्यांतल्या रागाची दिशा बदललेली दिसते. दोन सदरे शेजारी ठेवून पाहा. १९९५ मध्ये, प्रदीर्घ संपानंतर बेसबॉल पुन्हा सुरू झाले तेव्हा न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये तीन तरुण मैदानात घुसले आणि त्यांनी खेळाडूंवर एकेक डॉलरच्या नोटा फेकल्या. तमाशातल्या दौलतजादेत निदान दाद असते. इथे निव्वळ थुंकणे होते. त्यांच्या सदऱ्यांवर एकच शब्द होता: ‘हाव’. १३ जून २०२३ रोजी ओकलंडमध्ये, जिथे एरवी दहा हजार माणसेही जमत नसत तिथे, २७,७५९ प्रेक्षक मुद्दाम ठरवून आले. हजारोंच्या अंगावर हिरवे सदरे होते आणि त्यांवरही एकच शब्द होता: ‘विका’. पहिला शब्द खेळाडूला उद्देशून होता, दुसरा मालकाला. या दोन सदऱ्यांमध्ये २८ वर्षे आहेत आणि त्या काळात खेळाडूंचे पगार कमी झाले नाहीत, कैक पटींनी वाढले. तरी रोख फिरला. माझे म्हणणे असे, की चाहत्याचा राग त्याला दिसणाऱ्या आकड्यावर बसतो. शंभर वर्षे त्याला पगार दिसत होता आणि ताळेबंद दिसत नव्हता. ताळेबंदाच्या फटीतून उजेड येऊ लागला तसा रागही त्या बाजूला सरकला.

ही व्यवस्था मुळातच अंधारात जन्मली. १८७९ च्या सप्टेंबरात बफेलो येथे नॅशनल लीगच्या मालकांनी गुपचूप ठरवले, की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतर कोणी त्यांना हात लावू नये. दहा वर्षांच्या आत हे जाळे जवळजवळ प्रत्येक खेळाडूवर पडले. यालाच पुढे ‘राखीव कलम’ म्हणू लागले. खेळाडूने खेळायचे तर त्या एका मालकाकडेच, मालकाने मात्र त्याला हवे तेव्हा विकावे. १८८७ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या अल्बर्ट स्पॉल्डिंगने आपला लाडका खेळाडू किंग केली बॉस्टनला दहा हजार डॉलरला विकला. शिकागोचे चाहते खवळले, बॉस्टनचे नाचले आणि केलीला ‘दहा हजारांचा देखणा’ म्हणून मिरवू लागले. ते दहा हजार स्पॉल्डिंगच्या खिशात गेले होते, पण आकडा चिकटला केलीच्या नावाला. त्याच सौद्यात आणखी एक गंमत होती. पगाराची कमाल मर्यादा दोन हजार असल्यामुळे बॉस्टनने त्याला पगार दोन हजारच दिला आणि त्याचे छायाचित्र वापरण्याचे वेगळे तीन हजार मोजले. कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांची फारकत इतकी जुनी आहे.

ज्याला हिशेब ठाऊक तोच जिंकतो, हे तीन वर्षांनी दिसले. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा खेळाडू कायद्याचा पदवीधर होता. खेळाडू ही मालमत्ता आहे काय, असा सवाल त्याने १८८७ मध्ये एका मासिकात उघड लेख लिहून केला, आणि १८९० मध्ये खेळाडूंनी बंड करून स्वतंत्र प्लेअर्स लीग काढली. दोन्ही बाजूंनी प्रेक्षकसंख्या फुगवून सांगितली, दोन्ही बाजूंना खोट बसली. हंगाम संपल्यावर वाटाघाटींना बसले ते नव्या लीगचे भांडवलदार. खेळाडूंना बाहेर ठेवले गेले. आपली लीगही मेटाकुटीला आली आहे याची बाहेर दाद लागू न देता स्पॉल्डिंगने त्यांना शरण यायला लावले. समोरच्याची तिजोरी रिकामी आहे हे कळले असते तर ते कदाचित आणखी एक वर्ष टिकले असते.

मग १९२० चा जानेवारी. बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रुथला न्यूयॉर्कच्या यांकीजकडे विकल्याची बातमी फुटली. किंमत एक लाख डॉलर. आज सगळे जण या सौद्याला महामूर्खपणा म्हणतात, आणि पुढे ८४ वर्षे विजेतेपदाविना कोरडी गेली म्हणून त्याला शापाचीही फोडणी मिळाली. पण त्या हिवाळ्यात बॉस्टनचे चाहते एकमुखाने रडत नव्हते; मते दुभंगलेली होती. रुथ १९१९ मध्ये २९ होमरन मारून विक्रम करत होता तरी संघ जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त होता. त्यात रुथचा तीन वर्षांचा, वर्षाला दहा हजारांचा करार चालू असताना तो वीस हजार मागत होता. फ्रेझीने पत्रक काढून त्याला स्वार्थी ठरवले आणि हे पटणारे लोक होते. शेगडीभोवती जो वाद झाला तो दहा हजारांचा, वीस हजारांचा आणि एक लाखाचा. वादात जो आकडा नव्हता तो तीन लाखांचा: फेनवे पार्क मैदान तारण ठेवून यांकीजच्या मालकांनी फ्रेझीला दिलेल्या कर्जाचा. म्हणजे बॉस्टनचे मैदान न्यूयॉर्कच्या मालकाकडे गहाण पडले होते, आणि हे माहीत नसताना लोक रुथ हावरट की फ्रेझी बावळट यावर घसा कोरडा करत होते. योगायोग असा, की त्याच महिन्यात देशभर दारूबंदी लागू झाली. थोड्याच वर्षांत मॅकग्रीव्हीच्या गुत्त्याच्या जागी सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा उघडली, जिथे ओरडायचीच मनाई.

आता राखीव कलमाचा बचाव पाहिला पाहिजे, कारण तो चाहत्यांनाही मनापासून पटलेला होता. खेळाडू मोकळे सोडले तर सगळे चांगले खेळाडू श्रीमंत शहरांत जातील, लहान शहरांतले संघ मरतील, म्हणून त्यांना बांधून ठेवणे खेळाच्याच हिताचे, असे मालक सांगत. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळल्यावर तर हा युक्तिवाद वेदवाक्य झाला. पण पुरावा काय सांगतो? १९२१ ते १९६४ या ४४ हंगामांत, कलम पुरते कडक असताना, यांकीजने २९ वेळा आपल्या लीगचे अजिंक्यपद आणि २० वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. हा कसला समतोल? १९५६ मध्ये सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने याचे कारण मांडले. खेळाडूवर हक्क कोणाचाही असो, तो शेवटी जिथे त्याच्यापासून सर्वाधिक कमाई होते तिथेच पोचतो, कारण गरीब मालक त्याला श्रीमंत मालकाला विकतो. कलमामुळे ठरते एवढेच, की त्या प्रवासाचे पैसे खेळाडूला मिळतात की विकणाऱ्याला. रुथ आणि केली हे दोघेही रॉटेनबर्गच्या निबंधाआधीच त्याची उदाहरणे होऊन गेले होते.

कलम पडले ते न्यायालयात नव्हे. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला जायला नकार देऊन खटला लढवला, त्यात त्याची कारकीर्द गेली आणि १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. करारात शब्द असे होते, की खेळाडूने सही केली नाही तर मालक जुना करार आणखी एक वर्ष वाढवू शकतो. मालक म्हणत, ते एक वर्ष दर वर्षी नव्याने येते. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली १९७५ चा हंगाम सहीशिवाय राहिले, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर सीट्झ यांनी निवाडा दिला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. शंभर वर्षांचे जाळे एका शब्दाच्या व्याकरणावर तुटले. मालकांनी सीट्झना तत्काळ काढून टाकले. लहान शहरे मरतील हे भाकीत पुढे तपासून पाहता येते: १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा वेगवेगळ्या संघांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्यांत पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी आणि मिनेसोटा होते.

तरीही राग खेळाडूवरच राहिला, उलट वाढला, कारण आता आकडे फार मोठे आणि फार उघड झाले. डिसेंबर २००० मध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझ सिअॅटल सोडून टेक्सासला गेला, दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरला. दोनच वर्षांपूर्वी मालक टॉम हिक्स यांनी तो सबंध संघ साधारण तेवढ्यालाच घेतला होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो सिअॅटलला खेळायला आला तेव्हा लोकांनी त्याच्यावर खोट्या नोटा फेकल्या. हिक्सवर कोणी काही फेकले नाही, त्याचा चेहरा कोणाला ओळखता आला असता की नाही कोण जाणे. २०१० मध्ये टेक्सासचा संघ दिवाळखोरीच्या न्यायालयात गेला, यादी जाहीर करावी लागली, आणि तीत रॉड्रिगेझ धनको म्हणून वरच्या क्रमांकावर निघाला. सहा वर्षांपूर्वी संघ सोडून गेलेल्या त्या माणसाचे जवळपास अडीच कोटी डॉलर अजून देणे होते.

ज्याला हे सगळे मत्सराचे लक्षण वाटते, त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. कारखान्यातला कामगार स्वतःची तुलना मालकाशी करत नाही. तो ती करतो दुसऱ्या कामगाराशी, आणि त्यातही जो चेंडूफळी खेळून पोट भरतो त्याच्याशी. डिमॅजिओला हुर्यो मिळण्यात हा भाग नक्कीच होता. पण मत्सरच कारण असता तर पगारासोबत तो वाढत जायला हवा होता, आणि २०२३ च्या ओकलंडमध्ये सदऱ्यांवर मालकाचा निषेध दिसायला नको होता. दुसरा आक्षेप असा, की चाहत्याला पैशाचे काही नसते, त्याला फक्त जिंकायचे असते, राग म्हणजे पराभवाचा धूर. मग १९३८ चे यांकीज दोन विजेतेपदे खिशात घालून बसले होते, त्यांच्या चाहत्यांना कसला धूर लागला? तिसरा आक्षेप तिकिटाचा: पगार वाढला की तिकीट वाढते, म्हणून राग रास्त. हा मात्र साफ गैरसमज आहे. तिकिटाचा दर लोक किती मोजायला तयार आहेत त्यावर ठरतो. अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत खेळाडूंना कित्येक दशके पगारच नव्हता, तरी ती तिकिटे कोणी स्वस्तात वाटली नाहीत.

मालकांच्या वह्यांकडे पाहणे लोकांना सुचले नाही असे नव्हे, वह्याच तशा ठेवलेल्या होत्या. बिल व्हीक या खट्याळ मालकाने करखात्याकडून एक युक्ती मान्य करून घेतली: संघ विकत घेताना मोजलेल्या किमतीचा मोठा भाग खेळाडूंच्या करारांवर दाखवायचा आणि मग यंत्रावर धरतात तसा त्यांवर घसारा धरायचा. एकाच खेळाडूचा पगार खर्चात आणि तोच खेळाडू वर झिजणारे यंत्रही! नफ्यातला संघ कागदावर तोट्यात दिसे. डिसेंबर २००१ मध्ये बेसबॉलचे आयुक्त बड सेलिग यांनी संसदीय समितीपुढे सांगितले, की त्या वर्षी संघांना मिळून ५१ कोटी ९० लाख डॉलर तोटा झाला. समितीतल्या काहींनी तोंडावर अविश्वास दाखवला. त्याआधी १९८५ ते १९८७ मध्ये मालकांनी संगनमताने दुसऱ्याच्या खेळाडूंवर बोलीच लावली नव्हती. आंद्रे डॉसनने तेव्हा शिकागो कब्जपुढे कोरा करार ठेवला, आकडा तुम्हीच भरा म्हणाला, आणि पाच लाखांवर खेळून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लवादांनी संगनमत सिद्ध झाल्याचे सांगितल्यावर १९९० मध्ये मालकांनी २८ कोटी डॉलर भरपाई कबूल केली. हाव कुठे होती हे त्या वेळी कागदोपत्री उघड झाले होते. तरी पाच वर्षांनी सदरा छापला गेला तो खेळाडूंसाठी. नुसता पुरावा पुरत नाही, तो वाचण्याची सवयही लागावी लागते.

ती सवय लावली ती चाहत्यांनीच. कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असलेल्या बिल जेम्सने १९७७ पासून स्वखर्चाने आकडेवारीची पुस्तिका काढायला सुरुवात केली. त्याचा विषय खेळ होता, पैसा नव्हता. पण कोणत्या खेळाडूमुळे किती सामने जिंकले जातात हे मोजता येऊ लागले, की त्याला किती द्यावे हाही हिशेबच होतो. २००२ मध्ये ओकलंडने सुमारे चार कोटींच्या पगारपटावर १०३ सामने जिंकले. यांकीजनेही तेवढेच, तिप्पट खर्चून. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की खर्च करणे मूर्खपणाचे, आणि ‘पैसे सोडा’ म्हणणारा चाहता अडाणी. मालकांना हा निष्कर्ष फारच आवडला! पुरावा त्यांच्या बाजूनेही देता येतो: २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने विक्रमी पगारपट उभारला आणि जिंकण्यापेक्षा जास्त सामने गमावले. पण कमी खर्चात जिंकता येते, एवढ्यावरून वाचलेले पैसे कोणाचे हे ठरत नाही. १९९३ पासून एकदाही निम्मे सामने न जिंकलेला पिट्सबर्गचा संघ नफ्यात होता, हे २०१० मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आले. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा त्याला मिळत होता. तिथून पुढे शेगडीभोवतीचा प्रश्न बदलला. खेळाडू एवढे का मागतो, याच्या जोडीला, आलेले पैसे गेले कुठे, हे विचारले जाऊ लागले.

हा बदल पुरता झाला आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ओकलंडच्या त्या संध्याकाळी, प्रेक्षक ‘विका’ म्हणून ओरडत असतानाच, नेव्हाडाच्या सिनेटने लास व्हेगासमधल्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदतीचा ठराव मंजूर केला. मालकाने संघ विकला नाही, शहर सोडले. आणि लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२४ व २०२५ असे लागोपाठ दोनदा विजेतेपद घेतल्यावर लहान शहरांतले चाहते पुन्हा पगारांवर कडक मर्यादा मागू लागले आहेत. आयपीएलमध्ये खेळाडूंवरच्या एकूण खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखी असते. बेसबॉलमध्ये तशी बंदी नाही, एका रकमेच्या वर गेले की दंडवजा कर भरावा लागतो. २०२५ मध्ये ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. मर्यादेची मागणी समजण्यासारखी आहे, पण तिचा अर्थ पुन्हा दिसणाऱ्या आकड्यालाच वेसण घालणे असा होतो. मालकांनी किमान किती खर्च करावा आणि वह्या किती उघडाव्यात, हे त्या मागणीत क्वचित ऐकू येते. मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, तेव्हा त्या हिवाळ्याच्या शेगडीला कोळसा कमी पडणार नाही.

शिवाय दिसणारा आकडाही आता केलीच्या छायाचित्रासारखाच फसवा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीने डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले त्याच्या हाती वर्षाला फक्त २० लाख पडतात. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये, बिनव्याजी. आजच्या पैशात त्याची किंमत काढून करासाठी वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख धरले जातात. एकाच कराराचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. ते जाहीर झाले त्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कित्येक स्वयंपाकघरांत आणि बिअरबारमध्ये एरवी साधे गृहकर्ज समजून घ्यायला कंटाळणारी माणसे वीस वर्षांनंतरच्या डॉलरची आजची किंमत कोणत्या व्याजदराने काढावी यावर हमरीतुमरीवर आली होती. फळीवर मूठ आपटायला मॅकग्रीव्ही तिथे नव्हता.